जंगलातला कार्बन: उष्णकटिबंधीय आणि समशीतोष्ण वनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झाडं कार्बन डायऑक्साइड शोषतात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. तो पुढे कुठे जातो, किती वर्षं टिकतो आणि सगळी जंगलं सारखीच का मानू नयेत, याबद्दल मात्र बराच गोंधळ आहे. उत्तरं वाचताना एक गोष्ट मनात धरावी. जंगल दरवर्षी किती कार्बन घेतं हा एक आकडा, आणि त्याच्याकडे आजवर किती कार्बन जमला आहे हा दुसरा. हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की निष्कर्ष चुकतात, आणि चुकीच्या निष्कर्षांवर उभी जंगलं तुटतात.

जंगलात कार्बन साठतो म्हणजे नेमकं काय होतं?

पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि सूर्यप्रकाशाच्या जोरावर त्याची साखर बनवतं. त्यातली साधारण निम्मी साखर झाड जगण्यासाठी खर्च करतं, म्हणजे तेवढा कार्बन श्वसनातून लगेच हवेत परत जातो. उरलेल्यातून पानं, मुळं, साल, फळं आणि लाकूड तयार होतं. पानं आणि बारीक मुळं लवकर गळतात, कुजतात. लाकूड दशकानुदशकं, कधी शतकानुशतकं टिकतं. पालापाचोळा कुजताना त्यातला थोडा कार्बन मातीत मुरतो आणि मातीच्या कणांना धरून राहतो. लाकूड, पडलेले ओंडके, पाचोळा आणि माती मिळून जंगलाचा साठा होतो.

वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. तो जळताना किंवा कुजताना त्याला ऑक्सिजन जोडला जातो, त्यामुळे १ टन कार्बनचा ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो. अहवालातला आकडा कार्बनचा आहे की कार्बन डायऑक्साइडचा, हे आधी पाहावं, नाहीतर हिशेब जवळपास चौपटीने चुकतो. या पानावरचे आकडे कार्बनचे आहेत.

उष्णकटिबंधीय आणि समशीतोष्ण जंगलं कोणती?

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधली ती उष्णकटिबंधीय: अॅमेझॉन, काँगोचं खोरं, आग्नेय आशियाची बेटं, शिवाय कोरड्या भागातली पानझडी वनं. समशीतोष्ण म्हणजे चार ऋतू स्पष्ट असलेल्या पट्ट्यातली: युरोप आणि पूर्व अमेरिकेतली ओक-बीचची वनं, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची उंच सूचिपर्णी वनं, आग्नेय ऑस्ट्रेलियातली निलगिरीची वनं. त्यांच्याही उत्तरेला कॅनडा आणि रशियात पसरलेला बोरियल पट्टा वेगळा मोजतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२० च्या पाहणीनुसार जगातल्या वनक्षेत्रापैकी ४५ टक्के उष्णकटिबंधात आणि १६ टक्के समशीतोष्ण पट्ट्यात आहे.

मग जास्त कार्बन कुठे आहे?

एकूण साठ्यात उष्णकटिबंधाला तोड नाही. २०११ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या जागतिक मोजदादीनुसार जगातल्या जंगलांत सुमारे ८६१ अब्ज टन कार्बन होता. त्यातला ४७१ अब्ज टन उष्णकटिबंधात, २७२ अब्ज टन बोरियल पट्ट्यात आणि ११९ अब्ज टन समशीतोष्ण जंगलांत. हेक्टरी सरासरीही उष्णकटिबंधाचीच जास्त, सुमारे २४२ टन. समशीतोष्णाची सुमारे १५५.

पण ही सरासरी फसवी आहे. समशीतोष्ण जंगलांचा मोठा भाग गेल्या काही शतकांत कधी ना कधी तोडला गेला आहे, आणि आज दिसतं ते बरंचसं पुन्हा उगवलेलं तरुण जंगल आहे. जिथे कुऱ्हाड पोहोचली नाही तिथलं चित्र थक्क करणारं आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या मध्य डोंगराळ भागात माउंटन अॅश नावाच्या निलगिरीच्या जुन्या वनात जिवंत आणि मृत लाकूड मिळून हेक्टरी १,८६७ टन कार्बन मोजला गेला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या रेडवूडच्या काही जुन्या राईंमध्ये तो २,००० टनांच्याही वर जातो. अॅमेझॉनच्या वर्षावनात जमिनीवरच्या झाडांत हेक्टरी साधारण १०० ते २०० टन असतो. हेक्टरी विक्रम थंड, ओलसर, जुन्या समशीतोष्ण वनांच्या नावावर आहेत, ते यामुळेच: झाडं प्रचंड वाढतात, शेकडो वर्षं जगतात आणि पडल्यावरही थंडीमुळे सावकाश कुजतात.

उष्ण जंगल इतकं हिरवंगार, तरी तिथल्या साठ्यात मातीचा वाटा कमी कसा?

वर्षावनात जमिनीवरचा पाचोळा हाताने बाजूला सारला तर बोटभर थराखाली लगेच पिवळट-तांबडी माती लागते. वरच्या पानांना पांढऱ्या बुरशीचे धागे चिकटलेले असतात आणि त्या पानांमध्येच झाडांची बारीक मुळं शिरलेली असतात. उष्णता आणि ओल वर्षभर असल्याने वाळवी, बुरशी आणि जिवाणू यांचं काम कधीच थांबत नाही. पान पडल्यापासून बहुधा वर्षभरातच संपतं, आणि त्यातली पोषणद्रव्यं मातीत मुरायच्या आत मुळं परत उचलून घेतात. २०११ च्या त्याच मोजदादीत उष्णकटिबंधीय जंगलांच्या साठ्यातला ५६ टक्के भाग जिवंत झाडांत आणि ३२ टक्के मातीत होता.

ओक किंवा बीचच्या वनात तेच केलं तर थरांमागून थर लागतात. वर यंदाची पानं, खाली गेल्या वर्षीची अर्धवट कुजलेली, त्याखाली शिरांची जाळी तेवढी उरलेली, मग काळसर भुसभुशीत थर आणि नंतर गडद माती. हिवाळ्यात कुजणं जवळपास थांबतं, म्हणून माल साचत जातो. इथे साठ्याचा जवळपास निम्मा भाग मातीत असतो. बोरियल पट्ट्यात तर मातीचा वाटा ६० टक्क्यांपर्यंत जातो.

याचा परिणाम गंभीर आहे. उष्ण जंगल तोडून जाळलं की साठ्याचा मोठा भाग थेट हवेत जातो, आणि मागे राहिलेली जमीन काही पिकांतच दमते. समशीतोष्ण जंगल तोडल्यावर मातीतला कार्बन तुलनेने टिकतो, पण नांगरट सुरू झाली की तोही वर्षानुवर्षं झिजत जातो.

उष्णकटिबंधातही दोन मोठे अपवाद आहेत. जिथे पाणी साचून राहतं तिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, कुजणं थांबतं आणि पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा जाड थर, तयार होतं. काँगो खोऱ्याच्या मध्यभागी सुमारे १,४५,५०० चौरस किलोमीटर दलदलीखाली अंदाजे ३० अब्ज टन कार्बन असल्याचं २०१७ मध्ये पुढे आलं. इंडोनेशियातही असंच पीट आहे. तिथे चर खणून पाणी काढून टाकलं आणि मग १९९७ आणि २०१५ साली जमीनच आठवडेच्या आठवडे धुमसत राहिली. दुसरा अपवाद खारफुटीचा. हिंद-प्रशांत भागातल्या खारफुटीत हेक्टरी सरासरी १,०२३ टन कार्बन आढळला, आणि त्यातला बहुतांश चिखलात आहे.

जुनी झाडं वाढायची थांबतात. ती तोडून नवी लावली तर जास्त कार्बन शोषला जाणार नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं चुकीचं उत्तर सगळ्यात जास्त नुकसान करतं, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, म्हातारं झाड वाढायचं थांबतं हा समजच खरा नाही. २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये ४०३ वृक्षजातींचा अभ्यास आला. बहुतेक जातींत झाड जितकं मोठं, तितकी त्याच्या वजनात दरवर्षी पडणारी भर मोठी. अगदी महाकाय झाड एका वर्षात जी भर घालतं ती एका मध्यम झाडाच्या सगळ्या वजनाएवढी असू शकते. कारण सरळ आहे: मोठ्या झाडाला पानं कितीतरी जास्त असतात, आणि वर्षाचं वाढीचं कडं दिसायला बारीक असलं तरी ते अवाढव्य खोडाभोवती चढतं.

दुसरी गोष्ट हेक्टरची. एका हेक्टरात तरुण झाडं दाटीने असतात, म्हणून तरुण जंगलाचा वार्षिक वेग जुन्या जंगलापेक्षा जास्त भरतो. हे खरं आहे. पण तो वेग मिळवण्यासाठी आधीचा साठा मोडावा लागला असेल तर हिशेब तोट्यातच सुरू होतो. अमेरिकेच्या वायव्येतल्या जुन्या डग्लस फर वनांबद्दल १९९० मध्ये हा हिशेब मांडला गेला. जुनं वन तोडून तरुण वन उभं केलं, तर लाकडाच्या वस्तूंत अडकलेला कार्बन धरूनही किमान २०० वर्षं साठा जुन्या पातळीजवळ पोहोचत नाही. हवामानाच्या दृष्टीने कसोटीची वर्षं आपल्यासमोर आत्ता आहेत, २०० वर्षांनंतर नाहीत.

आणखी एक आकडा. जगभरातल्या ४८ मोठ्या अभ्यासखंडांत (मोजणीसाठी आखून घेतलेल्या वनाच्या तुकड्यांत) सगळ्यात जाड १ टक्का झाडांमध्ये जमिनीवरच्या जिवंत जैवभाराचा, म्हणजे झाडांच्या सुक्या वजनाचा, निम्मा वाटा आढळला. 'निवडक' तोड याच १ टक्क्यावर पडते. नकाशावर जंगल हिरवंच दिसत राहतं, साठा मात्र निघून गेलेला असतो.

एवढ्या मोठ्या जंगलातला कार्बन मोजतात कसा?

सुरुवात फितीने होते. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर बुंध्याचा घेर मोजतात, त्यावरून व्यास काढतात. उष्ण जंगलात अनेक झाडांना भिंतीसारखे पसरलेले आधारमुळांचे पंख असतात. मग शिडी लावून पंख संपतात त्याच्या वर फीत धरावी लागते आणि पुढच्या वेळी चूक होऊ नये म्हणून तिथे रंगाचा पट्टा ओढतात. त्यानंतर झाडाची उंची आणि लाकडाची घनता. बाल्साचं लाकूड इतकं हलकं आणि काही वर्षावनी लाकडं पाण्यात बुडतील इतकी जड, की एकाच व्यासाच्या दोन झाडांत कार्बन कितीतरी पटींनी वेगळा निघतो. समशीतोष्ण वनात मोजक्या जाती असल्याने हे सोपं जातं. उष्ण जंगलात एका हेक्टरात शंभराहून जास्त जाती सापडतात, आणि प्रत्येक ओळखावी लागते.

पनामाच्या बारो कोलोराडो बेटावर ५० हेक्टरांचा अभ्यासखंड १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून असा पुन्हा पुन्हा मोजला जातोय. मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये मनोऱ्यावरची उपकरणं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून जंगलात येणारा-जाणारा कार्बन डायऑक्साइड सतत टिपत आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे पाठवलेलं 'जेडी' हे लेसर उपकरण वरून जंगलाची उंची मोजतं. युरोपीय अवकाश संस्थेचा 'बायोमास' उपग्रह एप्रिल २०२५ मध्ये झेपावला; त्याच्या रडारच्या लांब लहरी पानांतून पार जाऊन खोड-फांद्यांपर्यंत पोहोचतात. तरीही उपग्रहाचा प्रत्येक आकडा शेवटी फितीच्या मोजमापावरच तपासावा लागतो. वर्षानुवर्षं तीच झाडं मोजणाऱ्या माणसांचं श्रेय फार कमी वेळा दिलं जातं.

ऋतूंचा काही परिणाम दिसतो का?

थेट हवेत दिसतो. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआवर मोजमाप सुरू केलं, तेव्हापासूनच्या आलेखात दरवर्षी एक चढउतार आहे. उत्तर गोलार्धात पालवी फुटली की मे महिन्यानंतर कार्बन डायऑक्साइड उतरू लागतो, आणि पानगळीच्या सुमारास पुन्हा चढतो. हा ठसा समशीतोष्ण आणि बोरियल वनस्पतींचा आहे. सदाहरित वर्षावन बारमाही काम करतं, त्यामुळे त्याचा असा ठळक ठसा उमटत नाही.

अॅमेझॉन पृथ्वीची फुप्फुसं आहेत का?

ऑक्सिजनच्या अर्थाने नाही. तिथे तयार होणारा जवळपास सगळा ऑक्सिजन तिथलंच श्वसन आणि कुजणं वापरून टाकतं. अॅमेझॉनचं मोल कार्बनच्या साठ्यात, पावसात आणि जीवसृष्टीत आहे, आणि ते जपायला एवढं पुरेसं आहे.

हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला तर झाडं जोमाने वाढून तो शोषून घेणार नाहीत का?

काही प्रमाणात घेतात, पण पोटाला बाकीचंही लागतं. समशीतोष्ण मातीत बहुधा नायट्रोजन कमी पडतो, जुन्या आणि झिजलेल्या उष्ण मातीत फॉस्फरस. टेनेसीतल्या ओक रिज इथे तरुण झाडांभोवती जादा कार्बन डायऑक्साइड सोडला, तेव्हा सुरुवातीला वाढ सुधारली आणि पुढे नायट्रोजन अपुरा पडू लागल्यावर तो फायदा ओसरला. सिडनीजवळच्या फॉस्फरसने गरीब मातीत जुन्या निलगिरीच्या वनाने कार्बन जास्त घेतला, पण लाकूड वाढलं नाही. जादा कार्बन झाडांच्या आणि मातीच्या श्वसनातून परत गेला. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या जुन्या ओक वनात मात्र लाकडाची वाढ सुमारे १० टक्क्यांनी जास्त आढळली. उत्तर जागेनुसार बदलतं. यावर विसंबून धोरण आखू नये, असं माझं ठाम मत आहे.

जंगल कार्बन शोषायचं सोडून सोडायला लागू शकतं का?

लागलं आहे. ब्राझीलच्या लुसियाना गॅटी आणि सहकाऱ्यांनी २०१० ते २०१८ या काळात विमानातून हवेचे नमुने घेतले. आग्नेय अॅमेझॉन जेवढा कार्बन घेतं त्याहून जास्त सोडतं, असं त्यातून दिसलं. तोड आणि आगी यांना तिथे लांबत चाललेल्या कोरड्या ऋतूची जोड मिळाली आहे. ब्रिटिश कोलंबियात पाइनच्या सालीखाली राहणाऱ्या एका भुंग्याने हेच केलं. पूर्वी कडक हिवाळ्यात त्याच्या अळ्या मरत. हिवाळे सौम्य झाले आणि त्याने लाखो हेक्टरांवरची झाडं मारली.

न तोडलेली उष्ण जंगलंही थकत आहेत. आफ्रिका आणि अॅमेझॉनमधल्या शेकडो अभ्यासखंडांच्या मोजणीवरून २०२० मध्ये दिसलं, की अशा जंगलांनी १९९० च्या दशकात मानवी कार्बन डायऑक्साइडचा सुमारे १७ टक्के वाटा उचलला होता, तो २०१० च्या दशकात ६ टक्क्यांवर आला. याच काळात समशीतोष्ण जंगलांचं शोषण सुमारे ३० टक्क्यांनी वाढलं.

समशीतोष्ण जंगलांचं शोषण का वाढलं?

मुख्यतः ती परत येत आहेत म्हणून. न्यू इंग्लंडमध्ये १९ व्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतांश जमीन शेती आणि कुरणांसाठी मोकळी केली होती. पुढे शेतकरी पश्चिमेकडे आणि शहरांकडे गेले, शेतं पडीक राहिली आणि जंगल उगवलं. आज तिथल्या दाट वनातून चालताना मध्येच दगड रचलेले जुने बांध लागतात, दोन्ही बाजूंना ओक आणि मेपल. ही वनं अजून वयात येत आहेत, म्हणून कार्बन घेत आहेत. हा वाढीचा काळ कायमचा नाही.

वणव्यात सगळा कार्बन जळून जातो का?

नाही. पाचोळा, झुडपं, पानं आणि बारीक फांद्या जळतात. उभ्या मोठ्या झाडांच्या खोडाचा फार थोडा भाग जळतो. मेलेली खोडं पुढची कित्येक दशकं कुजत कार्बन सोडत राहतात आणि दरम्यान नवी रोपं वर येतात. अनेक समशीतोष्ण जातींना आगीची सवय आहे: रेडवूडची साल वीतभराहूनही जाड असते, माउंटन अॅशचं बी वणव्यानंतरच्या राखेत रुजतं. वर्षावनाचं तसं नाही. तिथली साल पातळ, म्हणून घोट्याएवढ्या ज्वाळांची सावकाश सरकणारी आगही मोठी झाडं मारते. मग छत उघडं पडतं, ऊन आत येतं, जमीन वाळते आणि पुढची आग सोपी होते.

प्राणी-पक्ष्यांचा कार्बनशी काय संबंध?

उष्ण जंगलात फार जवळचा. जड लाकडाच्या अनेक झाडांची फळं मोठी असतात आणि ती गिळून दूर टाकणारे प्राणीही मोठेच लागतात. शिकारीने ते संपले की हलक्या लाकडाच्या जाती पसरतात. मध्य आफ्रिकेत वनहत्ती नाहीसे झाले तर जमिनीवरचा जैवभार सुमारे ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज आहे. उलट दिशेने काम करतात त्या वेली: पनामातल्या एका प्रयोगात वेली असलेल्या जंगलाची कार्बनची निव्वळ भर वेली काढलेल्या जंगलापेक्षा सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी भरली. पण म्हणून सरसकट वेली तोडायला निघू नये; कितीतरी प्राण्यांचं अन्न आणि वाट त्याच आहेत.

लागवड करावी की जंगल आपोआप येऊ द्यावं?

जवळ मूळ जंगल शिल्लक असेल आणि माती फार खराब झाली नसेल, तर आपोआप येऊ देणं बहुतेक वेळा चांगलं. लॅटिन अमेरिकेतल्या ४५ ठिकाणांच्या अभ्यासात पुन्हा उगवलेलं उष्ण जंगल पहिल्या २० वर्षांत दरवर्षी हेक्टरी सुमारे ३ टन कार्बन घेताना दिसलं, जुन्या वनाच्या ११ पट. मूळ जैवभाराच्या ९० टक्क्यांपर्यंत पोहोचायला लागणाऱ्या काळाचा मध्यक ६६ वर्षं होता, म्हणजे निम्म्या ठिकाणी याहून कमी आणि निम्म्या ठिकाणी जास्त. एकाच जातीची लागवड सुरुवातीला धावते, पण दहा-पंधरा वर्षांत ती तोडली की कागद किंवा सरपण होऊन बराचसा कार्बन परत हवेत जातो. गवताळ माळ आणि पीटची जमीन झाडांसाठी खणू नये. तिथला कार्बन आधीच जमिनीखाली सुरक्षित आहे.

पुरेशी झाडं लावली तर हवामानबदल थांबेल का?

नाही. कोळसा, तेल आणि वायू जाळून दरवर्षी सुमारे १० अब्ज टन कार्बन हवेत जातो. जमिनीवरची सगळी वनस्पती-माती मिळून मानवी उत्सर्जनाचा सुमारे ३० टक्के वाटा उचलते, आणि जंगलतोड व जमिनीच्या बदलत्या वापरातून सुमारे १ अब्ज टन पुन्हा सुटतो. इंधन जाळणं कमी केल्याशिवाय हे गणित जुळत नाही. जंगलाची जबाबदारी वेगळी आहे, तीही पेलावी लागेल.

लाकूड वापरणं चुकीचं आहे का?

कुठून आलं आणि किती टिकणार, यावर ठरतं. पुन्हा वाढणाऱ्या, नीट सांभाळलेल्या समशीतोष्ण वनातल्या लाकडाची तुळई शंभर वर्षं कार्बन धरून ठेवू शकते, आणि तिच्यामुळे तेवढं सिमेंट-पोलाद वाचत असेल तर फायदा दुहेरी. तेच लाकूड गोळ्या करून वीजकेंद्रात जाळलं तर कार्बन त्याच दिवशी हवेत जातो आणि परत यायला दशकं लागतात. जुन्या वर्षावनातलं लाकूड मात्र घेऊच नये: एक झाड काढताना पडझडीत आणि ओढायच्या रस्त्यांसाठी आजूबाजूची कितीतरी झाडं मोडतात, आणि त्या रस्त्यांनीच पुढची तोड आत शिरते.

कार्बन क्रेडिट विकत घेण्याआधी काय पाहावं?

कार्बन क्रेडिट म्हणजे आपल्या उत्सर्जनाच्या बदल्यात दुसरीकडचा कार्बन राखायला पैसे देऊन घेतलेलं प्रमाणपत्र. जंगलाच्या क्रेडिटबाबत तीन प्रश्न विचारावेत. पैसे मिळाले नसते तर ते जंगल खरंच तुटलं असतं का? इथली तोड थांबल्यावर ती शेजारच्या जंगलात तर सरकली नाही ना? आणि उद्या वणवा किंवा दुष्काळ आला तर भरपाईची तरतूद काय? क्रेडिटच्या आधारावर सोडलेला कार्बन डायऑक्साइड हवेत शेकडो वर्षं परिणाम करत राहणार आहे, आणि जंगलाचा करार बहुधा काही दशकांचाच असतो. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांची संमती घेतली का आणि पैशातला त्यांचा वाटा किती, हेही कागदावर मागावं. ते मिळत नसेल तर ते क्रेडिट घेऊ नये.